तेलाचं वाण

एमबीएच्या पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर मार्केटिंगमधल्या करिअरच्या वाटा लिहून दाखवल्या होत्या: ब्रँड, जाहिरात, संशोधन, आणि अगदी कोपऱ्यात सेल्स. वर्गातले आम्ही जवळजवळ सगळे त्या कोपऱ्यातच जाऊन पडलो. मी पडले ती बाणेरच्या एका नव्या कंपनीत. लाकडी घाण्याचं तेल, ॲपवरून घरपोच. कार्डावर ‘ब्रँड असोसिएट’ छापलं होतं आणि काम होतं सोसायट्यांमधून गिऱ्हाइकं गोळा करायचं. आई ओळखीपाळखीत ‘ती जाहिरातीचं बघते’ असं सांगायची. मीही ते कधी खोडलं नाही.

आई निवृत्त शिक्षिका. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत तिच्या शब्दाला वजन आहे. दारात विक्रेता आला की, "आम्हाला लागलं तर आम्ही दुकानात जातो, आपण तसदी घेऊ नका," एवढं म्हणून ती दार लावून घेते. अशा बाईपुढे मी जेवता जेवता रडले. प्रोबेशन संपत आलं होतं, मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते साहेब सोमवारी ठरवणार होते, आणि माझ्या नावावर सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

आईने माझ्या ताटात भात वाढला. मग म्हणाली, "शनिवारी हळदीकुंकू करू. वाण म्हणून तुझ्या त्या छोट्या बाटल्याच देऊ."

आमच्याकडे शनिवारी तेल घरात आणत नाहीत. एकदा बाबांनी शनिवारी तेलाची पिशवी आणली, तर हिनेच ती रात्रभर दाराबाहेर ठेवायला लावली होती. मी आठवण करून दिली तशी ती माझ्यावरच डाफरली. "रविवारी समोरच्यांकडे हळदीकुंकू आहे आणि सोमवारी तुझा निकाल. मग पंचांग काय चाटायचंय?" हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही.

संध्याकाळी बायका आल्या. काठापदराच्या साड्या, गजरे, अत्तर, तिळगूळ. आई प्रत्येकीला हळदीकुंकू लावून हातात बाटली द्यायची आणि तिला अजिबात न शोभणाऱ्या गोड आवाजात म्हणायची, "वापरून बघा हं. आवडलं तर हिच्याकडेच ऑर्डर द्या." शेजारी कधी वाटीभर साखरही मागायला न गेलेली बाई ती! प्रत्येकीने "अय्या, किती छान! बघते हं," म्हटलं. ‘बघते’चा अर्थ आम्हाला ट्रेनिंगमध्येच शिकवतात. बघते म्हणजे नाही. आईला ते ठाऊक नव्हतं, ती दर ‘बघते’ला खुलत होती. मी कोपऱ्यात उभी राहून फोटो काढत होते, कारण साहेबांनी ते मागितले होते.

सगळ्या गेल्यावर मी दही आणायला खाली उतरले. गेटवर वॉचमनच्या टेबलावर आमच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. तो बिचारा ओशाळून म्हणाला, "ताई, बायका ठेवून गेल्या. म्हणल्या, शनवारचं तेल घरात नको." वरती कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. आईचाही मान राखला आणि शनीचाही. माझी कानशिलं तापली. मी त्या बाटल्या स्कूटरच्या डिकीत कोंबल्या आणि वर येऊन आईला सांगितलं, "सगळ्या खूश होत्या."

सोमवारी मीटिंगमध्ये मी फोटो दाखवले. आईचा पुढे केलेला हात, हसरे चेहरे, बाटल्या. ऑर्डरचं विचारल्यावर "येतायत, सर," म्हणाले. साहेब भलतेच खूश झाले. "याला म्हणतात मार्केटिंग! परंपरेतून थेट किचनमध्ये!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी कायम झाले. त्या टाळ्या ऐकताना मान वर करवत नव्हती. निघताना साहेब म्हणाले, "आईंना विचार ना, रथसप्तमीच्या आत वारज्याच्या एका सोसायटीत करतील का?"

आई नाहीच म्हणेल, या आशेवर मी घरी आले. ती मेथी निवडत बसली होती. कायम झाल्याचं ऐकून तिने उठून देवापुढे साखर ठेवली. मग मी चाचरत वारज्याचं सांगितलं.

ती पुन्हा मेथीपाशी बसली. "त्या दिवशी मी गॅलरीत उभी होते गं," खाली बघतच ती म्हणाली. "एकेक जण बाटली ठेवून जाताना दिसत होती. तू डिकीत भरल्यास, तेही दिसलं."

तिने मेथीची पुढची जुडी सोडली.

"वारज्याला करू. अनोळखी बायका असल्या की बरं. परत तोंड दाखवावं लागत नाही."

निदान तेव्हा तरी मी नको म्हणायला हवं होतं. मी तिला विचारलं, शुक्रवार चालेल का.