साहेबासाठी बांधलेली भिंत

"अहो, भाऊ-भाऊ असे भांडतात का? व्याह्यांसारखे काय बोलताय एकमेकांशी! आवाज चढवा, आवाज!" आमच्या जळगावच्या घराच्या मागच्या अंगणात उभे राहून धुळ्याचे वकीलसाहेब असे ओरडत होते, की पिंपळावरचे कावळे उडून थेट भुसावळच्या यार्डात जाऊन बसले असतील. मी कंबरेवर हात ठेवून म्हणालो, "आप्पा, तुझ्याबरोबर माझं आता जमायचं नाही!" आणि मलाच हसू फुटलं. आप्पाची पाळी आली. तो जमिनीकडे बघत हळूच म्हणाला, "बापू, तू घर म्हणजे धर्मशाळा करून टाकलीस. तुझ्या वहिनीचे हात भाकऱ्या थापून झिजले." वकीलसाहेबांनी टाळी वाजवली. "हे जमलं! आप्पासाहेब, साहेबासमोर हेच, अगदी असंच!"

तो आप्पा जाऊन आता सव्वा महिना झाला. माझा थोरला भाऊ. मी घरात, तो शेजारच्या घरात, मध्ये फक्त नऊ इंचांची भिंत. पण तो गेल्याची बातमी नऊ इंचांवरून आली नाही. दुकानातला माणूस त्यांच्या दारातून बाहेर पडला, रस्त्याने वळसा घालून माझ्या दाराशी आला आणि म्हणाला, "बापूशेठ, आप्पाशेठ गेले." लोक भेटायला येतात, "राम-लक्ष्मणाची जोडी फुटली" म्हणतात, चहा पितात. मी मान हलवतो. फुटली खरी… पण कधी फुटली, हे त्या लोकांना ठाऊक नाही. मलाही नव्हतं.

आमची कापसाची अडत. माल असा यायचा, की गाठींवर पाय ठेवत माणूस जळगावहून निघाला तर जमिनीला न शिवता धुळ्याला पोचेल. गल्ल्यावर आप्पा आणि माणसं जमवायला मी. साक्रीचा व्यापारी येवो की भुसावळचा गार्ड, "जेवल्याशिवाय जायचं नाही" हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय, की माझ्या पोपटाला रामराम येत नव्हता, पण हे यायचं. हिवाळ्यात तर आमच्याकडच्या भरिताच्या धुरावरून रेल्वेवाले स्टेशन ओळखत. वहिनी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकऱ्या थापायची, माझी बायको वांगी भाजायची, आणि पंगतीत आप्पा सगळ्यांत शेवटी, न बोलता जेवायचा.

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. एका वर्षी धंदा दणकून झाला आणि इन्कमटॅक्स असा बसला, की मला वाटलं सरकारने फक्त आमच्याच भरवशावर धरणं बांधायला काढली आहेत. मी उपाय शोधायला लागलो. शेतीच्या उत्पन्नावर हा कर नाही असं कळल्यावर अडतीचा सगळा नफा केळीच्या बागेत उगवला असं दाखवायची युक्ती मी काढली. वकीलसाहेब म्हणाले, "बापूसाहेब, एवढी केळी पिकवायला अर्धा गुजरात लागेल." मग त्यांनीच नीट समजावलं. कर चुकवायचा नसतो, कर वाचेल अशी मांडणी करायची असते. मिळकत जितकी वर चढते, तितका कराचा दरही चढतो. एकत्र कुटुंब म्हणून आमची सगळी मिळकत एकाच ढिगात मोजली जाते, म्हणून आम्ही वरच्या पायरीवर. वाटणी झाली, तर दोन कुटुंबं, दोन छोटे ढीग, आणि दोघंही खालच्या पायरीवर. "पण साहेब चौकशीला घरी येतो," ते म्हणाले. "तोंडी वाटणी त्याला चालत नाही. माल वेगळा, घर वेगळं, चूल वेगळी. आणि वेगळे का झालात, हेही विचारतो."

चूल वेगळी! आमच्या खान्देशात घर विकलेला माणूस मान वर करून फिरतो, पण चूल वेगळी केलेला फिरत नाही. आई तर वकिलालाच म्हणाली, "तुनं डोकं ठिकाणवर शे का?" मी तिची समजूत घातली: साहेब येईल, बघेल, जाईल, हुकूम निघाला की भिंत पाडू. रात्री आप्पाला विचारलं, "पाडायची ना रे?" तो म्हणाला, "बघू." आप्पा प्रत्येक गोष्टीला 'बघू' म्हणायचा, अगदी स्वतःच्या लग्नालासुद्धा म्हणाला होता. मी ते 'हो' धरलं.

भिंत उभी राहिली. गवंडी गिलावा करायला निघाला, तेव्हा मीच त्याला थांबवलं. "पाडायचीच आहे, कशाला चुना वाया घालवतोस?" दुसरी चूल माझ्या बायकोने मांडली, ती रडत रडत. मी मात्र मोठ्या मजेत होतो. गावभर सांगत फिरलो, की कर वाचवण्यासाठी वाटणीचं नाटक करणारं अख्ख्या खान्देशात आमचं पहिलं घर. वकीलसाहेबांनी हात जोडून माझं तोंड बंद केलं.

साहेब आला. बारीक, चष्मेवाला, खान्देशाबाहेरचा. दोन्ही चुलींपाशी वाकून त्याने राख पाहिली, डबे उघडून पीठ पाहिलं. मग आईला विचारलं, "आजी, तुम्ही कोणाकडे जेवता?" आई म्हणाली, "जठे चूल पेटेल व्हई तठे." जिथे पेटलेली दिसेल तिथे! साहेबाला कळलं नाही, त्याने वकिलाकडे पाहिलं. वकीलसाहेब घाम पुसत म्हणाले, "पाळीपाळीने, असं म्हणतायत." शेवटी साहेबाने चष्मा काढला आणि आप्पाला सरळच विचारलं, "ही वाटणी मनापासून आहे, की कराच्या सोयीसाठी?"

"मनापासून," आप्पा म्हणाला.

असा म्हणाला, की माझ्या अंगावर काटा आला. वा रे गड्या, मी मनात म्हटलं, नाटक कंपन्या पाहून पाहून आम्ही म्हातारे झालो आणि असला नट आमच्या घरातच!

हुकूम आला. कर उतरला. मी चौकातून पेढे आणले आणि लोहाराकडून घण. भिंतीपाशी आलो तर पलीकडून थापीचा आवाज. वळसा घालून गेलो. आप्पाच्या बाजूने गवंडी भिंतीला गिलावा करत होता. छान, गुळगुळीत… "आप्पा, हे काय?" तो म्हणाला, "पावसात विटा झिजतात." मी घण हातात धरून तसाच उभा. पेढ्यांचा पुडा वहिनीने घेतला, उघडला, दोन ठेवून घेतले आणि बाकीचे मला परत दिले.

तरी मी मानलं नाही. म्हटलं, आखाजीला, अक्षय्यतृतीयेला बघू. आखाजीचे मांडे आमच्या घरात कायम एकाच खापरावर झाले. मी सकाळपासून जेवलो नाही, पलीकडून हाक येईल म्हणून. दुपारी वहिनी आली. हातात ताट, ताटात चार मांडे, आमरसाची वाटी, वरून स्वच्छ फडकं झाकलेलं. शेजाऱ्याला देतात तसं! माझ्या बायकोने ताट रिकामं करून त्यात मूठभर साखर घालून परत दिलं, तीही शेजारणीसारखीच. तो मांडा मी खाल्ला. अजून उतरतोच आहे.

पुढची वर्षं तशीच गेली. आप्पा वाईट वागला नाही; आजारपणात धावून आला, माझ्या मुलीच्या लग्नात दारात उभा राहून पाहुण्यांचे पाय धुतले. पण जेवायला कधी बसला नाही. संध्याकाळी भिंतीपलीकडे त्याचा अडकित्ता कटकट वाजायचा. मी इकडे मोठमोठ्याने गप्पा हाकायचो, त्याला ऐकू जाव्यात म्हणून. मी मनाला सांगत होतो, की वकिलाने बिघडवलं. कायद्याने नाटक करायला लावलं आणि आप्पाला ते वेगळेपण अंगवळणी पडलं. या एका समजुतीवर मी इतकी वर्षं काढली. आप्पाला शिव्या द्यायच्या नव्हत्या, म्हणून सगळ्या वकिलाला दिल्या.

परवा पलीकडे गेलो. वहिनी डाळ निवडत होती. अडकित्ता खिडकीत तसाच पडलेला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो, मग विचारलंच. "वहिनी, वकिलाने डोक्यात भरवलं नसतं, तर आप्पाने भिंत घातली नसती ना?"

तिने खडा वेचून बाजूला ठेवला.

"विटा वकिलाच्या आधीच आणल्या होत्या, भावजी. मळ्यात ठेवल्या होत्या."