चेहरा पाहिल्याची ओळ

बुधवारची सकाळ. व्हर्ना हाउगन शेगडीशी उभी राहून ओटमील ढवळत होती. नवरा लेलंड टोस्टला ऱ्हुबार्बचा जॅम चोपडता चोपडता खिडकीबाहेरचं तापमान वाचत होता.

"उणे सव्वीस. कालच्यापेक्षा दोन अंशांनी उकाडा वाढलाय."

"मग बिनबाह्यांचा शर्ट काढून ठेवू का?"

एवढ्यात पुढचं दार वाजलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या गावात माणसं गॅरेजच्या दारानं येतात. पुढच्या दारी येतो तो परका, नाहीतर वाईट बातमी आणणारा.

दारात डॅनिका वर्नर होती. म्हाताऱ्यांच्या दारचा बर्फ काढणाऱ्या, शाळेच्या डोअरस्टेप क्लबमधली सोळा वर्षांची पोर. डोक्यावर टोपी नाही, पापण्यांवर पाणी गोठलेलं. तिला आत ओढून व्हर्नानं खुर्चीत बसवलं, हातात कॉफी दिली.

"हाउगनबाई, मी बर्फ काढला होता. शप्पथ. रविवारीच काढला होता."

"कुणाकडचा गं?"

"लिंडक्विस्ट आजोबांकडचा."

मग तुटक तुटक सगळं बाहेर आलं. चौऱ्याऐंशी वर्षांचा, एकटा राहणारा अर्विड लिंडक्विस्ट शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात पडला. मांडीचं हाड मोडलं. काल, मंगळवारी, सोमवारची पत्रं पेटीत तशीच पाहून पोस्टमननं खिडकीतून डोकावलं, तेव्हा कळलं. डॅनिकाची आई इस्पितळात नर्स. डॉक्टर अजून खात्रीनं काही सांगत नाहीत, असं ती म्हणाली.

"आजोबा आईला म्हणाले, रविवारी बाहेर खोऱ्याचा आवाज येत होता. ते हाका मारत होते." डॅनिकाचा आवाज फुटला. "माझ्या कानात गाणी होती."

लेलंडनं टोस्ट खाली ठेवला. "अरे देवा. आणि मीसुद्धा सोमवारी तिथून गेलो की. पायऱ्या लख्ख दिसल्या. म्हटलं, अर्विडची काळजी घेणारं कुणीतरी आहे."

"दार नाही वाजवलंस?" व्हर्नानं डॅनिकाला विचारलं.

"वाजवायचं असतं?" पोरीनं मान वर केली. "मला कुणी सांगितलंच नाही."



डोअरस्टेप क्लबचा जन्म बर्फातला. एकोणपन्नास सालच्या वादळात शाळेच्या पोरांनी गावातली अकरा दारं खणून मोकळी केली. दहाव्या दारामागे टूमी नावाची विधवा चार दिवसांपूर्वीच गेलेली होती. पायरीवर खोरी टेकून उभ्या असलेल्या त्या पोरांनी तेव्हाच नियम केला: बर्फ काढून झाला की दार वाजवायचं, माणसाचा चेहरा पाहायचा, मगच पायरी उतरायची. बर्फ हे निमित्त होतं; काम होतं चेहऱ्याचं. हा नियम या गावातून त्या गावात गेला आणि तीन राज्यांतल्या नव्वद शाळांमध्ये असे क्लब उभे राहिले.

मुलींना मात्र प्रवेश नव्हता. त्यांनी चर्चच्या तळघरात बसून मुलांसाठी सँडविचं करायची. शहात्तर साली ती बंदी उठली आणि सतरा वर्षांची व्हर्ना पहिल्याच शनिवारी खोरं घेऊन हजर झाली. "सँडविचं कोण करणार?" मुलं चिडवत होती. "ज्याला भूक लागेल तो," असं म्हणून ती पुढे गेली. पहिल्या दाराशी एका म्हातारीनं तिचा गोठलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. त्या हातांपायी व्हर्ना पुढे एकतीस वर्षं क्लबची मार्गदर्शक राहिली, अजूनही आहे. लग्न झालं, मुलं झाली, मोठी होऊन दूरच्या गावी गेली. दर नोव्हेंबरला नव्या पोरांना कोको पाजून टूमीबाईची गोष्ट सांगणं काही चुकलं नाही.

चुकलं ते सहा वर्षांपूर्वी. शाळा पास व्हायला चाळीस तास समाजसेवा हवीच, असं शाळेनं ठरवलं आणि क्लबची कामाच्या नोंदीची पावती अर्ध्या पानात बसवा म्हणून निरोप आला. व्हर्नानं इथेच, याच टेबलावर, पावती नव्यानं टाइप केली. तारीख, पत्ता, काम, तास. पाचवी ओळ मावेना: 'चेहरा पाहिला.' तोंडी सांगतोच की आपण, म्हणत तिनं ती गाळली. पुढे साथीची वर्षं आली, कोकोच्या बैठका बंद पडल्या त्या पडल्याच. पोरं मात्र येत राहिली, तास भरत राहिली. डॅनिकाची पावती सोमवारी व्हर्नानंच सही करून परत दिली होती. रविवार, एक तास. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"कोट घाल," ती म्हणाली. "शाळेत जायचंय."

लेलंड बाहेर गेला आणि गाडीच्या इंजिनाला रात्रभर ऊब देणारी विजेची वायर त्यानं उपसली.

मुख्याध्यापक केसेल एकेकाळी व्हर्नाच्याच हाताखाली खोरं चालवत असे. त्याला सगळं आधीच कळलं होतं.

"बसा, बाई. मला वर उत्तर द्यायचंय. या मुलीचे तास रद्द करतो आणि उन्हाळ्यापर्यंत क्लब बंद."

"तास कशाला रद्द? बर्फ तिनं काढलाय."

"मग चूक कुणाची लिहू?"

"माझी लिही. ओळ मी गाळली." व्हर्नानं पर्समधून जुनी, पूर्ण पानाची पावती काढून टेबलावर ठेवली. "आणि क्लब बंद केलास तर या आठवड्यात सव्वीस दारं कोण वाजवणार?"

केसेलनं कागद उचलला. खालची ओळ वाचायला त्याला चष्मा लागला नाही; ती त्याला पाठ होती.

"वरच्यांनी मला तुम्हालाच काढून टाकायला सांगितलं तर?"

"काढ की. मी भांडणार नाही."

"मग तुम्हाला हवंय तरी काय?"

डॅनिका दाराशी उभी होती. व्हर्नानं एकदा तिच्याकडे पाहिलं.

"पाचवी ओळ परत छाप," ती म्हणाली. "तेवढंच."