शिंपीकाकांसाठी दहा सेकंद

तीन रविवार झाले, माझी थोरली रेडिओवर शिंपीकाकांना हाक मारते आणि उत्तर येत नाही. ती डगमगलेली नाही. झोप माझी उडाली आहे.

थोरली लिफ्टची मेकॅनिक. आठवडाभर ग्रीसमध्ये हात, नखं काही केल्या स्वच्छ होत नाहीत. रविवारी सकाळी आठला मात्र केस विंचरून आपल्या हॅम रेडिओसमोर बसते. गावोगावचे पंधरा-वीस हौशी लोक त्या वेळी एकाच लहरीवर येतात. कोणी कधी बोलायचं ते ती सांगते.

"तू कोणाला दिसत नाहीस, मग केस कशाला विंचरायचे?" मी एकदा विचारलं.

"आई, विस्कटलेल्या डोक्याने कोणाला 'बोला' म्हणवत नाही."

हे सगळं तिला शिकवलं शिंपीकाकांनी. आमच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान होतं, शिलाई मशीनला खेटूनच रेडिओ सेट. पहिला धडा असा: समोरच्याचं संपलं की लगेच बटण दाबायचं नाही, दोन श्वास थांबायचं. कोणाचा तरी क्षीण आवाज मध्ये शिरू पाहत असेल. "कापताना शिवणीला कापड सोडतो ना, तसं बोलताना सोडायचं," ते म्हणायचे.

गेल्या महिन्यात तेच थोरलीकडून चुकलं. रात्रपाळी करून आली होती. "आणखी कोणी? नाही ना? मग थांबू," असं एका दमात म्हणून तिने आवरतं घेतलं. दुपारी एकाने तिला कळवलं की शेवटी शिंपीकाका बोलू पाहत होते. अर्धांगवायूनंतर त्यांची जीभ जड झाली आहे, दुसऱ्या गावी मुलाकडे असतात. पाच महिन्यांनी प्रथमच सेटवर बसले होते, आणि शिष्येनेच तोंडावर दार लावलं.

"अगं, फोन कर आणि माफी माग," मी म्हटलं.

"मागणारच आहे. पण चूक पंधरा जणांसमोर केली, माफी काय कानात कुजबुजू?"

तेव्हापासून ती पहिली हाक काकांना देते, सगळ्यांदेखत चूक कबूल करते आणि घड्याळाकडे बघत दहा सेकंद गप्प बसते. एका उतावळ्याने कुरकुर केली, "ते काही येत नाहीत, पुढे चला."

ती शांतपणे म्हणाली, "तुमची पाळी आली की तुम्हालाही दहा देईन. आत्ता त्यांचे चालू आहेत."

दहा पुरे झाल्यावरच तिने पुढच्याला बोलावलं.

काका येतील अशी तिला खात्री आहे. मला तिची खात्री आहे. काकांच्या सेटची नाही. मन मोडून त्यांनी तो खोक्यात भरून ठेवला असेल, तर ही माफी पोचतेय कोणाला? रेडिओवाल्यांच्या रीती मला बांधत नाहीत, माझ्याकडे लायसन्सच नाही. उद्या सकाळी वहिनींना, काकांच्या बायकोला, फोन करणार आहे. माफीचं नाव काढणार नाही, ते थोरलीचं काम. एवढंच सांगेन, "वहिनी, रविवारी आठला सेट लावून द्या. बोलायचं नसेल तर राहू दे, पण त्यांना ऐकू द्या."