फुटबॉलचे सर, सरकारचे वकील

आमच्या शेजारणीच्या वडिलांइतका नियमाला धरून चालणारा माणूस अख्ख्या अमिरातीत शोधून सापडायचा नाही. आणि हे मी अशा देशाबद्दल बोलतोय जिथे गाडी मळकी ठेवली तरी दंड बसतो! दुबईच्या अल नहदा भागातल्या आमच्या टॉवरमध्ये ते दर हिवाळ्यात तीन महिने लेकीकडे येत. मूळचे कोल्हापूरकडच्या एका तालुक्याच्या गावचे. तिथलं कॉलेज नवंनवं निघालं तेव्हा हे त्याचे पहिले फुटबॉल कोच. गावाला तोवर कुस्ती सोडून दुसरा खेळ ठाऊक नव्हता, आणि मैदान म्हणजे नांगरून सोडलेलं रान. पोरांना गोल मारायला शिकवता शिकवता यांनी स्वतः वकिलीची परीक्षा दिली आणि पुढे सरकारी वकील म्हणून निवृत्त झाले. आम्ही सगळे त्यांना ‘सर’च म्हणायचो.

कोच आणि वकील, दोघंही त्यांच्या अंगात असे मुरले होते की कोण कधी बाहेर येईल याचा नेम नसे. खालच्या केरळी दुकानदाराकडे दही घ्यायला गेले तरी उलटतपासणी. “डब्बे पर जो तारीख है, वो आपने खुद पढ़ी थी? कि किसी के कहने पर बता रहे हो?” तिसऱ्या प्रश्नाला तो बिचारा हात जोडायचा, “खलास साब, फ्री ले जाओ.” फुकटचं दही सरांनी कधी घेतलं नाही, पण साक्षीदार फुटल्याचा आनंद त्यांना दिवसभर पुरायचा.

कोच म्हणून त्यांचा नियम एकच. ज्याच्याकडून फाउल होईल त्यानं रेफ्रीच्या शिट्टीआधी स्वतःहून हात वर करायचा. त्यांचा संघ त्यामुळे पुष्कळदा हरला, पण नियम काही सुटला नाही. इथेही तेच. एकदा कुणीतरी लिफ्टची सगळी बटणं दाबून ठेवली होती. सर दारात उभे राहून एवढंच म्हणाले, “कोणी केलं?” सातव्या मजल्यावरच्या चिमुरडीनं हात वर केला, “इट वॉज मी, अंकल.” आणि देवाशपथ सांगतो, तिच्या मागोमाग माझाही हात वर गेला, कारण त्या दिवशी मी दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये गाडी लावली होती. बायको आठवडाभर हसत होती.

अशा माणसाच्या मनात काही सलत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. यंदा मात्र आल्या आल्या त्यांनी मला बाल्कनीत गाठलं. डॉक्टरांनी हा शेवटचा विमानप्रवास म्हणून सांगितलं होतं. “मला एका माणसाची माफी मागायची आहे,” सर म्हणाले. “तो इथे दुबईत आहे म्हणतात. शोधून दे.”

हकीकत अशी. सर नवे नवे सरकारी वकील झाले तेव्हा त्यांच्याच संघातला जुना खेळाडू मारामारीच्या खटल्यात आरोपी म्हणून समोर आला. काठी मारली होती संघाच्या गोलकीपरनं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. पण गोलकीपरचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. मॅजिस्ट्रेटनं विचारलं, गुन्हा कबूल आहे का? त्या पोरानं काळ्या कोटातल्या आपल्या कोचकडे पाहिलं आणि हात वर केला. “नियमात बसत होतं रे,” सर म्हणाले. “कबुली म्हणजे कबुली. मी उठून म्हणालो, माझं काही म्हणणं नाही.” तीन महिन्यांची शिक्षा झाली, हाताशी आलेली नोकरी गेली, आणि तो गाव सोडून आखातात निघून आला. अडतीस वर्षं झाली त्याला!

ऑफिसच्या ओळखीतून पत्ता काढायला मला दोन महिने लागले. तो मुहैस्नाहला कामगारांच्या एका वसाहतीत कॅम्प बॉस, म्हणजे तिथली व्यवस्था बघणारा, होता. दोन रविवारी आम्ही फाटकापर्यंत गेलो, आणि दोन्ही वेळा सर म्हणाले, “आज नको. पाय दुखतायत.” तिसऱ्या वेळी मीच चिडलो. म्हटलं, “सर, तुमचं तिकीट गुरुवारचं आहे. यल्ला, उतरा आता.”

कठड्यांवर वाळत घातलेल्या कामगारांच्या निळ्या डांगऱ्यांच्या रांगेतून साठी ओलांडलेला एक माणूस आला, थबकला, आणि वाकून सरांच्या पायाला हात लावला. “आवो सर, तुम्ही कशाला आलासा? सांगावा धाडायचा की, मी आलो असतो!”

सर बसले नाहीत. कोर्टात उभं राहावं तसे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, “तू केलं नव्हतंस. मला माहीत होतं. मी गप्प बसलो. माझं चुकलं.” मला तिथून कुठेतरी पळून जावंसं वाटलं.

तो मोठ्यांदा हसला. “कोण म्हणलं मी केलं न्हवतं? काठी माझीच हुती सर. गोलकीपर तर आदीच पळून गेलता. उगंच एवढी वर्सं डोस्क्याला ताप करून घेतलासा!” मग त्यानं चहा मागवला, खारी मागवली, आणि दोघं दोन तास जुन्या मॅचेसवर भांडले. परतताना गाडीत सर म्हणाले, “खरं बोलला. साक्षीदार मला कळतो.” आणि घर येईपर्यंत गाढ झोपले.

गुरुवारी ते विमानानं गावी गेले. तीन महिन्यांनी शेजारणीला गावाकडून कळलं की झोपेतच गेले, काही त्रास झाला नाही. मी मुहैस्नाहला फोन केला. पलीकडे मुसमुसणं ऐकू आलं. मग तो म्हणाला, “सरांच्या फुडं मी दोनदाच खोटं बोललो सायेब. एकदा कोर्टात, आन् एकदा त्या दिवशी.”

शेजारणीला मी हे अजून सांगितलेलं नाही.