कांचनताईंनी सरळ केलेल्या उर्दू ओळी

कांचनताई बोरा यांची माझी पहिली गाठ पडली ती सासऱ्यांच्या दशक्रियेची पत्रिका छापायची होती तेव्हा. नारायणगावच्या पेठेतल्या त्यांच्या छापखान्यात मजकूर देऊन मी पिंपळवंडीला परतले आणि संध्याकाळपर्यंत त्यांचे तीन फोन आले. ‘कोंडिबा’तली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, एवढंच त्यांना विचारायचं होतं. तिसऱ्या वेळी मी वैतागून म्हटलं, “कोणतीबी टाका ताई, चालतंय.” त्या म्हणाल्या, “माणूस गेलाय. नाव तरी नीट राहू द्या.” मग मी ट्रंकेतून मामंजींचा शाळेचा दाखला शोधून काढला. पुढच्या महिन्यात मी त्यांच्याकडे अक्षरजुळणी शिकायला लागले. त्याला आता अठरा वर्षं होतील.

त्यांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथासाठी समितीने मला ‘ताईंचा प्रेमळ स्वभाव’ हा विषय दिला आहे. ताई प्रेमळ आहेतच. माझी मुलगी दवाखान्यात होती तेव्हा छापखाना बंद ठेवून त्या आठ दिवस तिच्या उशाशी बसल्या होत्या. पण ज्या बाईंनी शिशाच्या खिळ्यांपासून संगणकापर्यंत पन्नास वर्षं अक्षरं जुळवली, त्यांचं कसब बाजूला ठेवून फक्त माया आठवायची, हे मला पटत नाही. हाच लेख एखाद्या पुरुष मुद्रकावर असता तर समितीने विषय काय दिला असता? म्हणून समितीची क्षमा मागून मी कामाबद्दलच लिहिते.

चार वर्षांपूर्वी जुन्नरचे निवृत्त शिक्षक रशीद कागदी जीपने नारायणगावला आले. त्यांच्या हातात प्रुफांचा गठ्ठा होता. त्यांच्या घराण्यात पूर्वी हातकागद बनत असे. त्या दिवसांच्या आठवणी त्यांच्या आईंनी उर्दूत लिहून ठेवल्या होत्या आणि सरांनी त्यांचं मराठी केलं होतं. शहरातल्या एका प्रकाशकाने दोन्ही भाषा समोरासमोर छापायचं कबूल केलं होतं. प्रुफं आली तेव्हा मराठी ठीक होतं, पण प्रत्येक उर्दू ओळ उलटी लागली होती. उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी सॉफ्टवेअरने डावीकडून मांडली होती आणि एकमेकांना जोडलेली अक्षरं सुटी करून टाकली होती. नव्वदीच्या अम्मांनी भिंगातून पान पाहिलं आणि म्हणाल्या, “ही माझी अक्षरं न्हाईत. कुणीतरी तोडल्यात.”

सरांनी प्रकाशकाच्या व्यवस्थापकांना फोन केला. तिकडे उर्दू वाचतंय कोण, डिझाइन म्हणून पान चांगलं दिसतंय, असं उत्तर मिळालं. हे सांगून सरांनी गठ्ठा ताईंपुढे ठेवला. ताईंनी गठ्ठा ठेवून घेतला.

ताईंना उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्या दर गुरुवारी जुन्नरला जाऊन अम्मांकडून मुळाक्षरं गिरवू लागल्या. त्यांनी योग्य सॉफ्टवेअर मिळवलं आणि परिच्छेदाची दिशा कशी बदलायची ते शोधलं. अक्षरं उजवीकडून चालतात पण त्यांच्यातले आकडे डावीकडूनच, हे त्या अम्मांकडून शिकल्या. मग लिंकांची अडचण निघाली. छापील पुस्तकाबरोबर निघणाऱ्या ई-पुस्तकात मराठी ओळीतल्या उर्दू शब्दावर बोट ठेवलं की अम्मांचा मूळ उतारा उघडायला हवा होता. पण ओळ सरळ झाली तरी लिंकेची जागा जुन्या बाजूलाच राहिली. शब्द एकीकडे, लिंक दुसऱ्याच शब्दावर. ‘आई’साठीच्या उर्दू शब्दावर बोट ठेवलं की कागदाच्या लगद्याचा उतारा उघडे. ताईंनी एकेक लिंक काढून हाताने पुन्हा बसवली आणि प्रत्येक स्वतः उघडून पाहिली.

तरीही व्यवस्थापक म्हणाले, लिंका गाळा, उर्दू पहिल्या प्रुफांत आहे तशीच जाऊ द्या. तेव्हा ताई मला घेऊन त्यांच्या कार्यालयात गेल्या. जाताना त्यांनी एक कागद छापून नेला होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला. व्यवस्थापकांनी वाचायचा प्रयत्न केला आणि हे काय आहे, असं विचारलं.

“तुमचं नाव आहे,” ताई म्हणाल्या. “मागून पुढं लावलंय. डिझाइन म्हणून चांगलं दिसतंय की.”

ते संतापले. मग कागदाकडे पुन्हा पाहून त्यांनी ताईंची पानं मागून घेतली. पुस्तक ताईंच्या जुळणीनेच छापलं गेलं. अम्मांनी पहिली प्रत अंगणात बसून मोठ्याने वाचली आणि एका नुक्त्याची, म्हणजे अक्षराच्या टिंबाची, चूक काढली. ती चूक ताईंना आजही खुपते.

प्रकाशनाच्या समारंभात मांडववाल्याचे आभार मानले गेले, ताईंचे नाहीत. पुस्तकातही त्यांचं नाव नाही. मी चिडले, तर त्यांनी मलाच गप्प केलं. पण गेल्या वर्षी जे झालं त्यावर मी गप्प बसणार नाही. प्रकाशकाने ताईंना न विचारता दुसऱ्याच कुणाकडून दुसरी आवृत्ती काढून घेतली. उर्दू पुन्हा उलटी, अक्षरं पुन्हा सुटी, लिंका पुन्हा भलतीकडे. अम्मा त्याआधीच गेल्या, म्हणून त्यांना हे पाहावं लागलं नाही. सरांना पाहावं लागलं. ताईंनी तीन पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर नाही, आणि ती आवृत्ती अजून विकली जाते आहे. एका बाईचं आयुष्यभराचं लेखन तोडून विकायचं आणि वर त्याला वारसा म्हणायचं, ही अक्षराची विटंबना आहे. या सभ्य ग्रंथात मी हे सभ्य शब्दांत लिहू शकत नाही.

सध्या ताई योग्य पानं स्वतः छापतात. जुन्नर-आंबेगावात ज्याच्याकडे ती आवृत्ती असेल त्याची प्रत मागवून घेतात, चुकीची पानं कापतात आणि बरोबर पानं खळीने डकवतात. परवा डिंभ्याच्या वाचनालयातून दोन प्रती आल्या. वयामुळे ताईंना कापताना पट्टी घट्ट धरवत नाही, म्हणून ती धरायला आता मी बसते.

ताईंना उत्तम आरोग्य आणि दीर्घ आयुष्य लाभो, त्यांची शंभरी आम्ही सगळ्यांनी मिळून साजरी करावी, हीच मनापासूनची इच्छा. मात्र पुढची पंचवीस वर्षं त्यांना दुसऱ्यांनी मोडलेली पानं डकवत बसावं लागू नये. प्रकाशकाला ती आवृत्ती मागे घ्यायला लावायची, तेवढं काम आपल्याला करता येण्यासारखं आहे.