पाण्यात गेलेल्याचा फोन

समुद्र मी आजवर पाहिलेला नाही. तरी वर्ध्याच्या कॉलेजात डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला चिठ्ठीत मला आणि माझ्या जोडीदारणीला विषय आला तो सर्फिंग करणाऱ्यांसाठी मोबाइल ॲपचा. फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत येणारी माणसं! हिंगणघाटात हे ऐकून माझा काका आमच्या वेणा नदीकडे बोट करून म्हणाला, "आंधी वेणेत पोहाले तं शीक."

सरांनी एकच दम भरला होता. खऱ्या सर्फरांच्या मुलाखती घ्या. मनानं लिहिलेली एक जरी सापडली, तर दोघीही नापास. मी हिंगणघाटची, जोडीदारीण सिंदीहून रेल्वेनं यायची. मुलाखती तिनं घेतल्या, स्क्रीन आणि अहवाल माझ्याकडे. आठवड्याभरात तिनं कोकणातल्या चौघांच्या मुलाखती लिहून आणल्या. चारही एकाच पेनानं, कुठं खाडाखोड नाही. आता तुम्हीच सांगा, वर्ध्यात बसून चार सर्फर हिला सापडले कुठून? पाणी कुठंतरी मुरत होतं.

"नेटवर भेटले वं," ती म्हणाली. "काऊन, खोटं वाटून राह्यलं का तुले?"

"नाई वं," मी म्हटलं. वाटत तर होतंच.

चौथी मुलाखत तर कहर होती. तो म्हणे पाण्यात जाताना फोन आईकडे देतो. आई किनाऱ्यावर बसून वाऱ्याकडे लक्ष ठेवते, हात हलवून त्याला परत बोलावते. तेव्हा ॲप तिला उन्हात वाचता यावं. घ्या! एवढा धाडसी गडी, आणि सोबत आई? कागदावरचा नंबर मी गुपचूप लावला. एका बाईनं उचलला. म्हणाली, तो पाण्यात आहे, तासाभरानं कर. मी फटकन विचारलं, "तुम्ही सिंदीच्याच ना?" ती गोंधळली. मी फोन ठेवून दिला. माझ्या लेखी चोरी पकडली गेली होती, ही नक्की हिची मावशी. जोडीदारणीला न विचारता मी ती मुलाखत अहवालातून उडवली आणि अहवाल थेट छापायला टाकला. ॲपमध्ये एक मोठं हिरवं बटण ठेवलं होतं, लाट पकडली की दाबायचं.

तोंडी परीक्षेत सरांनी नेमकं त्या बटणावर बोट ठेवलं. "लाटेवर उभा असताना त्याचा फोन असतो कुठं?"

कप्पाळ माझं! त्या बाईनं फोन का उचलला, ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

"किनाऱ्यावर आईपाशी, सर," जोडीदारीण म्हणाली. "मुलाखतीत सांगतलं त्यानं."

सरांनी अहवाल पुढून मागून चाळला. "इथं तर तीनच आहेत. मनानं सांगताय?"

ती माझ्याकडे बघत होती, मी टेबलाकडे. एक वाक्य पुरलं असतं. सांगायला लाज वाटते, पण मी नाही बोलले.

"टाइप करताना माझ्याकडून राहिली, सर," ती म्हणाली. सरांनी बेपर्वाईबद्दल तिचे मार्क कापले आणि दोघींना पास केलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "माहं नाव काऊन नाई सांगतलं?"

तिनं बॅग खांद्याला लावली. "त्याच्या आईचा फोन आलता मले मागच्या आठवड्यात. कोन्या पोरीनं फोन केलता म्हने, तुम्ही सिंदीच्या का म्हनून विचारे. तुह्यावर कोनी पाळत ठेवून राह्यलं का वं, म्हने."

"मंग?"

"मंग काय? म्हटलं, नाई वो काकू, मैत्रीण होय माही."