गुंडाची पापणी

गुंडा चौगुलेची डावी पापणी जन्मापासूनच अर्धी मिटलेली होती. नजर मात्र दोन्ही डोळ्यांची तीक्ष्ण. कुपवाडच्या कारखान्यात एकोणीस वर्षं पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसवर भाग काढले, पण हाताची दहाही बोटं शाबूत होती.

दिवाळीनंतर मालकांनी प्रत्येक प्रेसवर कॅमेरा बसवला. कामगाराला डुलकी लागली की कॅमेऱ्यामागचं एआय ओळखणार आणि प्रेस थांबवणार. पहिल्याच पाळीत गुंडाचा प्रेस एकतीस वेळा थांबला. दर वेळी लाल दिवा लागायचा आणि पडद्यावर शब्द यायचे : कामगार झोपेत.

"सयाजी, मी जागा हाय रं!" गुंडा सुपरवायझरला म्हणाला.

"मला दिसतंय की अण्णा. पण ते बंद करायचं माझ्या हातात न्हाई. कॅमेरेवाल्या पुण्याच्या कंपनीला कळवलंय."

पुण्याहून उत्तर आलं, सेटिंग सगळ्यांना एकच.

गुंडा मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला. पापणी उचलता येईल, ते म्हणाले, पण मग झोपेतही डोळा पुरता मिटणार नाही कदाचित. नजर चांगली असताना हे कशाला?

"मशीनला पटावं म्हणून," गुंडा म्हणाला.

घरी बायकोनं, राजेश्वरीनं, साफ सांगितलं, "आवं, डोळा कापून घ्यायचा न्हाई. सांगून ठेवते."

मग त्यानं चिकटपट्टीनं पापणी ओढून कपाळाला चिकटवली. दोन दिवस प्रेस सुरळीत चालला. तिसऱ्या दिवशी उघड्या डोळ्याची आग होऊन पाण्याच्या धारा लागल्या. समोरच्या एका पत्र्याचे दोन दिसू लागले. हात प्रेसच्या आत असतानाच पाय प्रेस चालवायच्या पेडलवर गेला. शेवटच्या क्षणी त्यानं हात मागं खेचला आणि प्रेस स्वतःच बंद केला. हिरवा दिवा तसाच होता, पडद्यावर शब्द : कामगार जागा.

स्टुलावर बसून त्यानं पापणीची चिकटपट्टी ओढून काढली. सयाजीनं पाण्याची बाटली पुढं केली आणि खाली बघत म्हणाला, "अण्णा, उद्यापासनं पॅकिंगला जावा. पट्टी लावून प्रेस चालवायचा न्हाई, सायबांनी सांगितलंय."

"पुन्हा प्रेसवर कवा?"

"सेटिंग बदलायचा कागद पाठवलाय वर."

त्याला आता चार महिने झाले. गुंडा खोकी बांधतो. सयाजी समोरून येताना दिसला की गुंडा विचारायचा, "काय आलं का रं?" सयाजी नकारार्थी मान हलवायचा. हल्ली सयाजी त्या बाजूनं येतच नाही.